पाणवठा क्रमांक तीन

आठव्या महिन्यात परत आली.
मी पाणवठ्याच्या काठावर वाकलेली,
टेपाचं टोक पाण्यात,
आणि ओटीपोटात ती ओळखीची कळ.
मामेबहीण न कळवता यावी,
ओट्यावर पिशवी टेकवून म्हणावी,
आहे ना गं जागा?

वनरक्षकाच्या खाकी पॅन्टला खिसे सहा.
एकातही पॅड नव्हतं.
नऊ आणि आठ, सतरा महिने
लागलंच नव्हतं.

त्याआधीचे दोन दिवस मी पंपाला शिव्या घालत होते.
हाताचा पंप, चंद्रपूरहून मागवलेला.
रबर सैल झालं असेल म्हणून उकळलं,
उलटं करून लावलं, परत सुलटं.
चौकीचं दार ओढून, कडीत काठी अडकवून
डावीकडे पंधरा मिनिटं, उजवीकडे पंधरा,
नुसता हात लागला तरी झिणझिण.
दुपारच्या खेपेला एकशे दहा यायचं,
आता पंचेचाळीस.
रेघेच्या वर बाटली नुसती बाटली.

ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर आकडे लिहिते मी.
एकशे दहा. एकशे पाच. एकशे दहा.
ऐंशी.
साठ.

सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.
माझ्यावरून, पोरीवरून, मग पंपावरूनही.
"जंगलातून येतं, कोनाची तरी नजर लागली दुधाले."
ताटात जवसाची चटणी वाढली, अळिवाची खीर वाढली.
चिमी तोंडात घेते, सोडते,
आणि छातीकडे अशी बघते
जशी आम्ही गावातल्या नळाकडे.

वनपाल म्हणाले होते एकदा, ट्रेनिंगच्या वेळी,
रक्ताचा वास जनावराला लांबून येतो, बायांनी जपावं.
दुधाच्या वासाचं कोणी काही बोललं नव्हतं.
दोन्ही घेऊन मी सहा किलोमीटर चालले त्या दिवशी.
एक रानडुक्कर दिसलं. त्यालाच घाई होती.

रंजू पेंदाम, उपकेंद्रातली सिस्टर,
हिनंच दिलीय मला तिची जुनी निळी लसपेटी.
आत बर्फाच्या दोन वड्या, मध्ये माझी बाटली.
वाटेत बाया विचारतात,
"आज कोनत्या गावात डोज हाय, मॅडम?"

रंजूनं पेटी उघडून बाटली उजेडात धरली.
"पाळी आली का?"
मी मान हलवली.
"मंग! पाळीच्या आगे-मांगे होते असं काही जनींले.
आटलं नाही वो, कमी झालं.
दोन-चार दिवस एक खेप जास्त लाव,
रातच्याले अंगावर पाज, पानी पे.
अन् घाबरून पंप फेकू नको,
त्याचा काही गुन्हा नाही."

एवढंच.
मी पेटीवर बसून रडले थोडी.
तिनं लसीकरणाचे तक्ते भरले तोवर.

सोमवारी रेंज ऑफिसात रजिस्टर उघडलं.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"पाणवठा क्रमांक तीन. पंचेचाळीस... मिली?"
दामदू कोवे भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागला.
बिचारा गेले चार महिने चौकीच्या दाराकडे
पाठ करून उभा राहतो, काही न विचारता.

"सेंटीमीटर, सर. लिहिण्यात चूक झाली."
"इतकं कमी? मागच्या आठवड्यात नव्वद होतं."
खरं तर तीन नंबरला पाणी चांगलं मांडीपर्यंत होतं.
"टँकर लावावा लागेल."
"नको सर," मी म्हटलं, जरा जोरातच,
"भरतं ते. दोन-चार दिवसांत भरतं."
त्यांनी लाल पेनानं मिली खोडलं
आणि माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं.

आज दुपारी सत्तर.
डावीकडून जास्त.
रेघ नीट दिसेना म्हणून बाटली खिडकीशी धरली.
बाहेर मोहाखाली कोणी म्हातारी
पाचोळा झाडत होती,
फुलं पडायला अजून आठवडा आहे तरी.